माणिकनगरचा दरबार

मार्गशीर्ष लागला की करवीरातील जुन्या घरांतून वाडीची बोलणी सुरू होतात. कोणी पौर्णिमेसच जाणार असतो, कोणी गर्दी टाळून आधी जाऊन येणार असतो, कोणाच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह बसलेला असतो. नृसिंहवाडीस बारा वर्षे राहून श्रीनृसिंहसरस्वती पुढे भीमा-अमरजेच्या संगमी गाणगापुरास गेले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गाणगापूरची वारी नेमाने करणारी कुटुंबेही आपल्याकडे कमी नाहीत. परंतु गाणगापुराहून ईशान्येकडे आणखी थोडे पुढे गेले, म्हणजे बिदर जिल्ह्यात हुमनाबादला लागून माणिकनगर नावाचे क्षेत्र आहे, तेथवर आपल्यातील फारच थोडे लोक जातात. दत्तसंप्रदायात ज्यांना दत्तात्रेयांचा अवतार मानतात, त्या श्रीमाणिकप्रभूंचे ते ठिकाण. दत्तजयंतीच्या दिवशीच प्रभूंचा जन्म झालेला. तेव्हा या महिन्यात त्यांचे स्मरण करावे, हे उचितच होय. मात्र केवळ तिथीसाठी मी हे लिहीत नाही. भांडणाऱ्या माणसांना एका ठिकाणी बसवावयाचे कसे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने पडतो, आणि त्याचे एक उत्तर या पुरुषाने आपल्या आचरणाने देऊन ठेवले आहे. ते उत्तर मला विचारांत घेण्याजोगे वाटते.

प्रथम तो प्रदेश डोळ्यांपुढे आणला पाहिजे. बिदर आणि कलबुर्गी हे आज कर्नाटकातील दोन जिल्हे. कलबुर्गीला २०१४ पर्यंत गुलबर्गा म्हणत. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा तेथे एकाच बाजारात ऐकू येतात. आपणांस बिदर माहीत असते ते दामाजीपंतांमुळे. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे रयतेस लुटवून देणाऱ्या दामाजीसाठी विठ्ठलाने महाराचा वेष घेऊन भरणा केला, तो याच बिदरच्या दरबारात, अशी कथा आहे. गुरुचरित्राच्या अखेरच्या भागात स्फोटकाच्या व्याधीने पीडलेला जो यवन राजा श्रीगुरूंना शरण येतो, तोही याच बिदरचा. ग्रंथात त्या शहराला वैदुर्यनगर म्हटले आहे. म्हणजे हिंदूचा देव आणि मुसलमानाचे तख्त यांची गाठ पडते कशी, याची आपल्या घरी वाचली जाणारी दोन मोठी आख्याने याच भूमीतील आहेत.

कथांचे राहू द्या. प्रत्यक्षातही तेथे असे धागे जागोजाग सापडतात. गुलबर्ग्यास ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे. ते दिल्लीहून दक्षिणेत आले आणि १४२२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या उरुसात हिंदूंची दाटी मुसलमानांपेक्षा फारशी कमी नसते. बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशाह बहमनी याची कबर आहे. लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे येतो, आणि त्यात मान असतो तो कलबुर्गीकडून येणाऱ्या जंगमाचा. कल्याणजवळच्या नारायणपूरचे मृत्युंजय, म्हणजेच शहा मुंतोजी, हे परंपरेप्रमाणे बिदरच्या राजकुळातले. त्यांनी मराठीत वेदान्त लिहिला.

तथापि हा प्रदेश नुसता गोडव्याचा आहे असे कोणी समजू नये. ज्या कल्याणास आज बसवकल्याण म्हणतात, तेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेद मोडून शरणांची मंडळी उभी केली. त्या मंडळीत हरळय्या नावाचे चर्मकार होते आणि मधुवरस नावाचे ब्राह्मण होते. दोघांनी आपल्या मुलामुलीचे लग्न लावून दिले. राजा बिज्जळाने दोघांनाही हालहाल करून मारविले. त्यानंतर ११६७च्या सुमारास खुद्द बिज्जळाचा खून झाला आणि शरण दाही दिशांना पांगले. एकोपा करू गेलेल्या माणसांचे रक्त त्या मातीत पूर्वीच सांडले होते. माणिकप्रभूंचे बालपण याच कल्याणात गेले, हे ध्यानात ठेवावे.

शके १७३९च्या मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे २२ डिसेंबर १८१७ रोजी, कल्याणजवळच्या लाडवंती या खेड्यात प्रभूंचा जन्म झाला. वडील मनोहर नाईक हरकुडे, मातोश्री बयादेवी. घराणे देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणाचे. थोरले बंधू हनुमंत यांना पुढे दादासाहेब म्हणत व धाकटे नृसिंह यांना तात्यासाहेब. वडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि मुलांचा भार कल्याणला नबाबाच्या चाकरीत असलेल्या मामांवर आला. मामा कर्तव्यदक्ष होते. भाच्याने चार अक्षरे शिकावी, दप्तरात बसावे, घर सावरावे, अशी त्यांची इच्छा असल्यास नवल नाही. पण मुलाचे लक्ष दप्तरात नव्हते. गावच्या सगळ्या जातींची पोरे गोळा करावी, रानात जावे, कोणाच्याही ओसरीवर बसावे, फकिराशी बोलावे, गोसाव्याशी बोलावे, असा त्याचा क्रम. चरित्रकार त्यात लीला पाहतात. मला त्यात एवढे दिसते की, पुढे ज्या माणसांना त्याने एकत्र आणले, त्यांच्या चालीरीती, त्यांची बोली आणि त्यांचे रुसवेफुगवे हा मुलगा लहानपणीच शिकून बसला होता. कोणत्याही पाठशाळेत हे शिक्षण मिळाले नसते.

पुढे मामांचे घर सुटले. कल्याणजवळच्या रानात काही काळ एकान्त झाला, मग भटकंती झाली. तो काळ निजामी मुलखात मोठ्या हलाखीचा होता. गादीवर नासिरुद्दौला होता, पण सरकारच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. सैन्याचा पगार थकलेला, महसूल गहाण पडलेला, आणि वसुलीसाठी अरब व रोहिले शिपाई गावोगाव धरणे धरून बसत. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले आणि त्यांनी हळूहळू घडी बसविली. तोवर खेड्यातील माणसाला दाद मागावी असे ठिकाणच उरले नव्हते. उत्पन्न आटले की माणूस शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. मग त्या संशयाला जात चिकटते, धर्म चिकटतो. हे त्या काळीही होते आणि आजही आहे.

अशा वेळी, १८४५ मध्ये, हा अठ्ठावीस वर्षांचाही न झालेला ब्रह्मचारी हुमनाबादजवळ विरजा आणि गुरुगंगा या दोन लहानशा नद्यांच्या संगमावर येऊन स्थिरावला. हुमनाबाद हे वीरभद्राचे गाव. लिंगायतांची वस्ती मोठी, मुसलमानांची बरीच, ब्राह्मण आणि मराठे थोडे, आणि जहागीर मुसलमान अमिराची. संगमावरचे रान साफ झाले, झोपड्या उठल्या, माणसे येऊ लागली आणि पाहता पाहता माणिकनगर उभे राहिले. पुढली वीस वर्षे प्रभू तेथेच होते. त्यांच्या आयुष्याचे खरे काम या वीस वर्षांतले.

हे काम त्यांनी कसे केले? त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही, सभा भरविल्या नाहीत, वादविवाद केले नाहीत. त्यांनी दरबार भरविला. संन्याशाने गुहेत बसावे आणि लोकांनी लांबून नमस्कार करावा, ही आपली नेहमीची कल्पना. येथे सगळेच उलटे होते. दत्ताची गादी मांडलेली, छत्र-चामरे, भालदार-चोपदार, गवई, कीर्तनकार, शास्त्री, मल्ल आणि फकीर. आलेले धन दानधर्मात व अन्नछत्रात त्याच पावली जाई, आणि दुसऱ्या दिवशीची चिंता कोणी करीत नसे. विरक्ताला हा थाट कशाला, असे त्या काळी कित्येकांच्या मनात आले असेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

त्याचा उलगडा मला झाला तो माझ्या वडिलांच्या पेशामुळे. वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाले तरी वाड्यातील दसऱ्याची व गणपतीची बैठक चालू होती, आणि तेथे ते अखेरपर्यंत गात आले. दरबार म्हणजे काय, हे ते आम्हां मुलांना फार बारकाईने समजावून सांगत. दरबारात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तुम्ही कोण, कोणत्या जातीचे, कोणत्या पंथाचे, हे तेथे पुसून टाकावयाचे नसते. उलट ते सर्वांच्या समोर मान्य केलेले असते. मानकरी आपल्या पागोट्यासह येतो, काजी आपल्या जुब्ब्यासह येतो, आणि खाँसाहेब आपल्या घराण्याच्या अभिमानासह येतात. एकदा का बैठक सुरू झाली की, सर्वांचे तोंड एकाच बाजूला असते. शेजारी बसलेल्या माणसाशी आपले पटते की नाही, हा प्रश्न तेवढ्यापुरता मागे पडतो, आणि गवयाने समेवर आणून सोडले म्हणजे दोघांचीही मान एकदमच हलते. वडिलांचे गुरू मुसलमान होते. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना मानाने ठेवले, त्या गावात यात विशेष असे काही नव्हते. खाँसाहेबांनी कृष्णाची बंदिश शिकवावी, ब्राह्मणाच्या मुलाने गंडा बांधून ती शिकावी, आणि दोघांनीही आपापल्या घरी आपापली उपासना करावी. एकाने दुसऱ्याला बाटविले नाही, आणि एकाने दुसऱ्याचे पाणीही तोडले नाही.

माणिकप्रभूंनी राजाची ही जुनी युक्ती देवाच्या कामी लावली असे मला वाटते. ज्या मुलखात राजाचा दरबार खिळखिळा झाला होता, तेथे त्यांनी दत्ताचा दरबार मांडला. त्यात गादीवर बसणाऱ्याला वसूल घ्यावयाचा नव्हता, शिक्षा करावयाची नव्हती. येईल त्याला जागा द्यावयाची आणि जेवू घालावयाचे, एवढेच त्या दरबाराचे राजकारण.

त्यांनी स्थापिलेल्या संप्रदायाचे नाव सकलमत. सगळी मते एकाच सत्याकडे जातात, तेव्हा कोणत्याही मताचा द्वेष करू नये आणि कोणी आपले मत सोडू नये, हे त्याचे सार. तत्त्व अद्वैताचे आहे. उपास्य दत्तात्रेय आणि त्यांची शक्ती मधुमती. पण माणिकनगरी येणाऱ्याने दत्ताला दत्तच म्हटले पाहिजे असा आग्रह नव्हता. लिंगायत प्रभूंना बसवेश्वरांचा अवतार मानीत. मुसलमान त्यांना मेहबूब सुबहानी समजून येत. मेहबूब सुबहानी म्हणजे बगदादचे थोर अवलिया अब्दुल कादिर जिलानी. आपण दत्ताचे म्हणून जातो. एकाच माणसाला तीन समाजांनी तीन नावांनी हाक मारावी, आणि त्याने तिन्ही हाकांना ओ द्यावी! यात मला एक मौजेचा योग दिसतो. जिलानी निवर्तले ते ११६६ मध्ये, आणि कल्याणात रक्तपात होऊन बसवेश्वर तेथून गेले तेही त्याच सुमारास. एक बगदादला, एक कल्याणला. एकमेकांचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा संभव नाही. सातशे वर्षांनी हुमनाबादच्या माळावर त्यांच्या भक्तांची गाठ पडली ती एका ब्राह्मण ब्रह्मचाऱ्याच्या अंगणात.

कोणी शंका घेईल की, ही तर नुसती सोय झाली, सगळ्यांना बरे वाटावे म्हणून सगळ्यांना होकार देणे. ही शंका हलकी नाही. होकार देणे सोपे असते, पण तो वीस वर्षे रोज निभावणे अवघड असते. लिंगायताला आणि ब्राह्मणाला एकाच ठिकाणी प्रसादास बोलवावयाचे, तर कोणाचा विटाळ कोणाला, कोणाचा मान आधी, अशा शंभर कटकटी निघतात. प्रत्येक कटकट त्या दिवशी, त्या माणसांपुढे, त्यांच्याच भाषेत सोडवावी लागते. ज्याने घरात एक लग्न उरकले आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. प्रभूंच्या अंगणी हे वर्षानुवर्षे चालले. अक्कलकोटचे स्वामी अक्कलकोटास येण्यापूर्वी काही काळ माणिकनगरास राहून गेले, असेही दत्तसंप्रदायात परंपरेने सांगतात.

प्रभूंच्या पदांकडे मी गाण्याच्या अंगाने पाहतो. त्यांची पदे मराठीत आहेत, हिंदीत आहेत, कानडीत आहेत, संस्कृतात आहेत. कित्येक पदांना दखनी उर्दूचा वास आहे. गणपती, देवी, शिव, राम, कृष्ण, दत्त, सर्वांची पदे आहेत. शब्द थोडे, चाल सोपी, धृपद चटकन तोंडात बसणारे. ज्याला गाणे येत नाही, त्यालाही दुसऱ्या वेळी म्हणता यावे, अशी ती रचना आहे. विद्वानाला ती साधी वाटेल. पण निरनिराळ्या भाषांची माणसे एका जागी बसवून त्यांच्याकडून एक पद म्हणवून घ्यावयाचे, तर रचना अशीच पाहिजे. वर्गात तीस मुले घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला याची किंमत कळते. कानडी बोलणारा भक्त मराठी पद म्हणू लागला की, त्याच्या तोंडी आपली भाषा बसते. मग तो ती परकी मानीत नाही. मराठी माणसाने कानडी पद म्हटले की, त्याचेही तसेच होते. व्याख्यानाने हे होत नाही.

१८५७ साली दक्षिणेतही धग पोहोचली. जुलै महिन्यात हैदराबादेस रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढल्या वर्षी गुलबर्ग्याच्या दक्षिणेस सुरपूरच्या राजा व्यंकटप्पा नायकाने उठाव केला आणि तो मोडला गेला. निजामीत संशयाचे वारे वाहू लागले. अशा काळातही माणिकनगरचा दरबार भरत राहिला, अन्नछत्र चालत राहिले. प्रभूंचे नाव कर्नाटकात, तेलंगणात आणि इकडे महाराष्ट्रातही पसरले.

शके १७८७च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, २९ नोव्हेंबर १८६५ रोजी, प्रभूंनी माणिकनगरी समाधी घेतली. चार दिवसांवर दत्तजयंती होती, म्हणजे त्यांच्या वयास अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होणार होती. गादी पुतण्याकडे आली. तात्यासाहेबांचे पुत्र मनोहर हे प्रथम बसले. त्यांच्यामागून त्यांचे धाकटे बंधू मार्तंड बसले, ते १९३६ पर्यंत होते. मार्तंडप्रभू वेदान्ताचे मोठे अधिकारी. त्यांचा ज्ञानमार्तंड हा ग्रंथ आजही संप्रदायात वाचला जातो. काकांनी जे करून दाखविले, ते पुतण्याने शास्त्राच्या भाषेत मांडून ठेवले. पुढे शंकरप्रभू व नंतर सिद्धराजप्रभू गादीवर आले. परंपरा खंडित झाली नाही.

चरित्र येथे संपवावे असे कोणास वाटेल. परंतु माणिकनगरच्या आसमंतात पुढे जे घडले, ते टाळून प्रभूंचे गुणगान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९४७-४८ मध्ये निजामी मुलखात रझाकारांनी कहर केला. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी मोठी कत्तल झाली. तिची आठवण त्या भागात अजून ताजी आहे. सप्टेंबरात भारतीय सैन्य शिरले, पाच दिवसांत निजामाने शस्त्र ठेवले, आणि मग सूड उगवला तो बहुतांशी निरपराध मुसलमान वस्तीवर. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाहणी समिती पाठविली. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा केला. सर्वांत होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे तिने नोंदविले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून होता. २०१३च्या सुमारास तो लोकांच्या हाती आला.

म्हणजे बंदेनवाजांचा दर्गा, अष्टूरचा उरूस, गाणगापूरच्या पादुका आणि माणिकनगरची गादी ही सगळी ज्या दोन जिल्ह्यांत आहेत, तेच सर्वांत जास्त जळले. मग त्या संतांनी काय साधले? हा प्रश्न मी स्वतःस पुष्कळदा विचारला आहे. त्याचे थोडे उत्तर त्याच अहवालात मिळते. सर्वत्र आग लागली असताना हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना आपल्या घरी लपविल्याची उदाहरणे समितीने नोंदविली आहेत. तिने एक गोष्ट विशेष करून लिहिली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला, आणि तो करताना स्वतःचे प्राणही वेचले. का केला? ती माणसे एका धंद्यातील होती, रोज एकमेकांजवळ बसणारी होती. सगळी मते सारखी, हे वाक्य कोणी त्यांना त्या दिवशी वाचून दाखविले नसेल. रोजच्या शेजाराने ते काम केले. माणिकप्रभूंनी दरबार मांडला तो याचसाठी, असे मला त्यावरून वाटू लागले. विचार पटणे निराळे आणि शेजारी बसण्याची सवय निराळी. प्रसंगाला ही सवयच धावून येते. जेथे ती मोडली होती, तेथे संतांची नावे घेणारेही हातात काठ्या घेऊन निघाले.

आम्हां गाणाऱ्यांना याचा एक दाखला रोज दिसतो. तंबोऱ्याच्या चार तारा असतात. एक पंचम, दोन जोडाच्या आणि एक खर्ज. गंधाराला एकही तार लावलेली नसते. तरी चारी तारा नीट लागल्या, जवारी उघडली, की खर्जातून गंधार आपोआप बोलू लागतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सगळ्या तारा एकाच सुरात पिळल्या तर तो मिळत नाही. आणि काल लावलेला तंबोरा आज तसाच राहत नाही. हवा पालटली, गाडीत हलला, कोणाचा धक्का लागला, की तो उतरतो. प्रत्येक बैठकीपूर्वी तो पुन्हा लावावा लागतो. म्हणून तंबोरा खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. १८४५ मध्ये हुमनाबादच्या माळावर लागलेला सूर १९४८ मध्ये फार उतरला होता. तो पुन्हा लावणे हे नंतरच्या माणसांचे काम होते आणि आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे आले, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. धर्माची भांडणे कमी होती म्हणून की काय, त्यात भाषेची भर पडली. सीमा हा शब्द उच्चारला की आपल्या करवीरात माणसांचा आवाज चढतो. बेळगाव-निपाणीकडे आपली सोयरीक आहे, तेव्हा ते स्वाभाविक आहे, आणि त्या प्रश्नातला न्याय-अन्याय मी येथे ठरवू बसत नाही. परंतु माणिकनगर त्याच सीमेवर आहे. तेथे ही रेषा कशी ओलांडली जाते, ते एकदा पाहून यावे असे आहे.

मी प्रथम तेथे गेलो तो वडिलांच्या एका शिष्याबरोबर, दत्तजयंतीच्या उत्सवास. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने हुमनाबाद आले, तेथून माणिकनगर हाकेच्या अंतरावर. समाधीचे दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि रात्री दरबारास जाऊन बसलो. माझ्या एका बाजूस जहीराबादकडचे तेलुगू गृहस्थ होते. दुसऱ्या बाजूस भालकीचा एक शेतकरी होता. तो आपल्या बायकोशी कानडीत बोले, गडीमाणसांशी दखनीत बोले, आणि प्रभूंची मराठी पदे मात्र एकही अक्षर न चुकता म्हणे. उच्चारात कानडी हेल होता. मी मास्तर असल्याने माझा कान तिकडे गेला. पण तो हेल पदाला शोभत होता. त्यानंतर एक कानडी पद सुरू झाले. मला शब्द येत नव्हते, म्हणून मी नुसता ताल धरून राहिलो. हे पाहून त्याने ते शब्द माझ्यासाठी जरा सावकाश म्हणावयास सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला धृपद माझ्या तोंडी बसले.

तेव्हापासून वर्गातील मुलांना प्रभूंची पदे शिकविताना मी एक कानडी पद आवर्जून घेतो. पहिल्या दिवशी मुले हसतात. एखाद्या वेळी पालकही येऊन विचारतात की, कानडी कशासाठी. मी त्यांना माणिकप्रभूंचे नाव सांगतो, ते दत्तसंप्रदायाचे होते हे सांगतो, आणि मग ते निश्चिंत होऊन जातात. पुढचे काम पद करते.

माणिकनगरची गादी आज चालू आहे. वेदपाठशाळा आहे, अंध मुलांची शाळा आहे, आणि दत्तजयंतीचा दरबार दरवर्षी भरतो. त्यात गाण्याला पूर्वीचाच मान आहे. वाडीची वारी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी एखाद्या मार्गशीर्षात गाणगापूर करून तसेच पुढे हुमनाबादपर्यंत जावे. दरबारात शेजारी कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. जो बसेल त्याच्याबरोबर एक पद म्हणून यावे.